एक छिद्र जास्त

आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी येतं,
तेही रात्री अडीचला, चोरासारखं.
नळाला कान लावून बसायचं.
आधी हवा येते, खोकल्यागत,
मग गंज, मग पाणी.

त्या रात्री तासभर हवाच यायली होती.
व्यंकटी रात्रपाळीला, पोरं गच्चीवर,
आणि मी उंबऱ्यात, तडकलेल्या मोबाईलच्या उजेडात
काहीबाही चाळत.
दागिने, दोडक्याची भाजी, कुणाचं तरी लग्न,
आणि मधेच, वाट चुकून आल्यासारखी
एक गोष्ट.
पुस्तकातली नव्हे. कुठं छापलेली नव्हे.
लिहिणाऱ्याच्या नावाच्या जागी नुसता एक ठिपका.

गोष्टीत एक चादर होती.
नक्षीच्या पुठ्ठ्यात कुणीतरी एक छिद्र जास्त पाडलेलं,
म्हणून मोरांच्या रांगेत
एक दार विणलं गेलं, बोटाएवढं.
ती चादर पांघरून झोपलेली मुलगी
सकाळी नव्हती.
चादर तशीच, ऊबदार,
आणि दार आतून लावलेलं.

मी पाय पोटाशी घेतले.
सोलापुरात, मे महिन्यात
मला थंडी वाजली, खोटं नाही सांगत.

दुसरी वाचली. बंद मिलचा भोंगा वाजतो
आणि मेलेली माणसं डबे घेऊन निघतात.
हजेरीच्या वहीत नावं सापडत नाहीत,
म्हणून फाटकापाशीच उभी, चाळीस वर्षं,
डब्यातली कडक भाकरी अजून कडक होत चाललेली.
मला हसू आलं. मग सासरे आठवले.
मग नाही आलं.

तिसरीत तळ्याच्या बुडाशी बाजार भरतो,
तिथं लोक आपला आवाज विकून
दुसऱ्याची झोप विकत घेतात.
ही तेवढी जमली नाही. शेवट घाईत केलाय.
पण आवाज तोलायला तागडीत काय टाकतात,
तर कापसाचा बोळा.
हे कुणाला सुचेल?

आणि चौथीत, सात डोक्यांच्या राणीच्या महालातसुद्धा
पाणी पाचव्या दिवशी यायचं.
तिथं मी थांबले.
महाल, सात डोकी, उडते घोडे, सगळं ठीक,
पण नळ आधी खोकतो, हे लिहिणारा
लांबचा नसतो.

तेवढ्यात समोरून नरसम्मा ओरडली,
"अगं, पाणी चाललंय की सगळं!"
घागर भरून, हंडा भरून, पायरी उतरून
पाणी गल्लीत, गल्लीतून गटारात.
पाच दिवसांचं पाणी
एका गोष्टीपायी.
तिला काय सांगू?
डोळा लागला, म्हटलं.

सकाळी कारखान्यात
कांड्या भरता भरता एकेकाकडं बघत होते.
मुकादम? त्याला हिशोबापलीकडं अक्षर सुचत नाही.
टॉवेलच्या घड्या घालणारा मौला? तो मनातलं सगळं बोलून टाकतो,
त्याच्याजवळ गोष्ट उरायची कुठून.
कोपऱ्यात गुंडेटी, पुठ्ठे पाडणारा.
दिवसाला चार शब्द बोलणारा माणूस,
त्यातले दोन चहाचे.
तीस वर्षं दुसऱ्यांनी काढलेल्या नक्षीला
छिद्रं पाडत बसलाय.

मी टोपली त्याच्यापाशी ठेवली, उगाचच.
हळू विचारलं,
"ती चादरीतली मुलगी परत येते का हो?"

हातोडी हवेत थांबली.
मागं सोळा माग खडखडत होते, ते काही थांबले नाहीत.
त्यानं पुठ्ठा खिडकीकडं धरला, एक डोळा मिटला,
उन्हाचे ठिपके त्याच्या तोंडावर पडले.
बराच वेळ मोजल्यासारखं करून म्हणाला,
"काल पाणी आलं होतं का तुमच्या गल्लीत?"

आलं होतं, म्हटलं.
सांडलं सगळं.